बाल्बसची भिंत

बाल्बस नावाचा एक गृहस्थ इंग्लंडमधल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या भिंत बांधत होता. ती काही शेवटपर्यंत बांधून झाली नाही. व्हायची नव्हतीच, कारण वाक्यच अपूर्ण भूतकाळातलं होतं: ‘बाल्बुस मुरुम आएदिफिकाबात.’ बाल्बस भिंत बांधत होता. यातल्या ‘मुरुम’चा आपल्याकडच्या मुरुमाशी काडीचा संबंध नाही, तरी मराठी कानाला वाटतंच की चला, माल तरी साइटवर येऊन पडलाय.

हा बाल्बस कोण, भिंत कुणाची, कशासाठी, हे पुस्तकात सांगितलेलं नसे आणि पोरांनी विचारायचंही नसे. खरं तर माणूस अस्सल होता. स्पेनमधल्या गादेसचा, म्हणजे आजच्या कादिझचा. सीझरचा विश्वासू कारभारी. इ.स.पूर्व 46 मध्ये रोममधल्या प्रजासत्ताकाचे दिवस भरत आले असताना वक्ता नि राजकारणी सिसेरो आपला मित्र आटिकस याला पत्रात वैतागून लिहितो की, बाल्बस बघ, बांधकाम काढून बसलाय, त्याला कशाचं काय पडलंय! शाळेतलं वाक्य बहुधा तिथूनच आलं असावं. वाटेत त्यातलं राजकारण गळालं, सिसेरोचा जळफळाट गळाला, आणि पोरांच्या पाटीवर उरली नुसती भिंत.

मला लॅटिन येतं ते मोडकंतोडकं. पण लॅटिन शिकवायची जुनी इंग्रजी पुस्तकं मी वाचतो, म्हणजे अगदी उशाला घेऊन वाचतो. सोबत फुटकळ नक्कल-वह्या, उत्तरांच्या पुस्तिका, जे मिळेल ते. घरचे विचारतात की यात वाचण्यासारखं काय आहे. प्रश्न रास्त आहे. शेतकरी राणीला गुलाब देतो, खलाशी मुलींना बघतात, सैनिकांनी गाव लुटलं, पुन्हा एकदा लुटलं, या वेळी कर्मणी प्रयोगात लुटलं. तरीही वाचतो, कारण या पुस्तकांतून माणसं काढून टाकण्याचा इतका कसोशीनं प्रयत्न झालेला असतो की जी चुकून राहून गेली, ती भेटली की फार आनंद होतो.

बाल्बस घरोघरी पोचवला तो थॉमस कर्चेव्हर आर्नल्ड या पाद्रीबुवांनी. रटलंड परगण्यातल्या लिंडन या खेड्यात बसून त्यांनी पाठ्यपुस्तकांचा अक्षरशः कारखाना चालवला. 1839 साली त्यांचं मुलांसाठीचं ‘हेन्रीज फर्स्ट लॅटिन बुक’ आलं आणि त्याच वर्षी लॅटिन गद्यलेखनाचं मोठं पुस्तकही. आधी नियम, मग थोडे शब्द, लगेच भाषांतराला वाक्यं. पुढच्या धड्यात तेच शब्द पुन्हा, जरा वेगळ्या कपड्यांत. ज्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ‘मार्गोपदेशिका’ हाताळली आहे त्यांना हा साचा लगेच ओळखू येईल. संस्कृतातून इंग्रजीत, मग इंग्रजीतून संस्कृतात, आणि त्या वाक्यांतले राजे, ब्राह्मण, चोर आणि हत्ती. 1860च्या दशकात भांडारकरांनी मुंबई इलाख्यातल्या हायस्कुलांसाठी ते पुस्तक केलं, तेव्हा समोर इंग्लंडमधल्या लॅटिनच्या पुस्तकांची चाल होतीच. आपण संस्कृत शिकलो ते जुन्या पाठशाळेसारखंही नाही आणि पूर्ण नव्यानंही नाही, ते थोडं आर्नल्डसाहेबांच्या वळणानं.

आर्नल्डची खरी टर उडवली ती लुईस कॅरलनं. ‘अ टँगल्ड टेल’ या 1885च्या गणिती कोड्यांच्या पुस्तकात दोन मुलं आपल्या शिक्षकाचं नावच बाल्बस ठेवतात, लॅटिनच्या पुस्तकातल्या नायकावरून. मास्तरांनी त्या पुस्तकातल्या प्रत्येक वाक्याशेजारी समासात तात्पर्य लिहून ठेवलेलं असतं. बाल्बसनं एक धडधाकट ड्रॅगन उसना आणला होता: सट्टेबाजीतला अविचार. बाल्बस आपल्या सासूला ड्रॅगनची समजूत पटवायला मदत करत होता: एकजुटीचं बळ. आणि ड्रॅगनची शेपटी भाजून बाल्बस निघून गेला, याच्यापुढे फक्त एक शब्द: शहाणपण. कॅरल स्वतः ऑक्सफर्डमध्ये गणिताचा मास्तर. शिकवण्याच्या वाक्यांत किती भूसा भरलेला असतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

याच्या आधीची तीनशे वर्षं एकाच पुस्तकाची. विल्यम लिली हा लंडनच्या सेंट पॉल्स शाळेचा पहिला मुख्याध्यापक. त्याच्या नावानं चालणाऱ्या व्याकरणाला आठव्या हेन्रीनं 1540 साली राजाज्ञेनं मान्यता दिली, म्हणजे सगळ्या इंग्लंडला तेच एक पाठ्यपुस्तक. मोठा भाग लॅटिनमध्येच. जी भाषा येत नाही तिचे नियम त्याच भाषेत पाठ करायचे. नाही झाले की छडी. ‘मेरी वाइव्हज ऑफ विंडसर’मध्ये शेक्सपियरनं त्याचा एक तास जसाच्या तसा मांडलाय. पाद्री विचारतो, ‘लापिस’ म्हणजे काय? विल्यम नावाचा पोरगा म्हणतो, दगड. बरं, मग दगड म्हणजे काय? गोटा, पोरगा म्हणतो. नाही, नाही, दगड म्हणजे ‘लापिस’! शेजारी उभी असलेली मोलकरीण प्रत्येक रूपात काहीतरी अश्लील ऐकते आणि पोराला असलं शिकवता म्हणून पाद्र्यालाच झापते. शेवटी पाद्री बजावतो की सर्वनामं विसरलास तर चड्डी उतरवून फटके बसतील. विनोद आहे, पण शेवटच्या वाक्यात फारसा नाही.

याच पठडीतला एक इंग्रज मुलगा पुढे आपल्याकडे आला. थॉमस स्टीफन्स, म्हणजे आपले ‘ख्रिस्तपुराण’वाले फादर स्टीफन्स, विल्टशरमध्ये जन्मले आणि 1579 साली गोव्यात उतरले. त्या काळात इंग्लंडमध्ये शाळा म्हणजे लॅटिनचं व्याकरण. दुसरं शाळेत असतच नसे. स्टीफन्सनी ओव्या मराठीत लिहिल्या आणि कोंकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये. हे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 साली, राशोलला छापलं गेलं. त्याची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या चौकटीतली: नामं चालवायची, क्रियापदं चालवायची, सगळं ओळीनं. सालसेतच्या कोळणींची आणि भाटकारांची बोली त्या कप्प्यांत बसवायला घेतलेला हा फादर लहानपणी ते कप्पे स्वतः घोकून, कदाचित मार खाऊन, आलेला होता हे लक्षात घेतलं की ते पुस्तक एकदम वेगळं वाचता येतं.

आता केनेडी. खरं तर मला बोलायचं होतं ते त्याच्या लॅटिन व्याकरणाच्या पुस्तकाबद्दल.

1860च्या दशकात एका सरकारी आयोगानं, क्लॅरेंडन आयोगानं, इंग्लंडमधल्या नऊ बड्या शाळांची झाडाझडती घेतली. शाळाशाळांत वेगळं व्याकरण चालतं, एकच असावं, असं ठरलं. काम आलं श्रूजबरीच्या मुख्याध्यापकाकडे, बेंजामिन हॉल केनेडी यांच्याकडे. 1866 साली ‘पब्लिक स्कूल लॅटिन प्रायमर’ निघालं आणि मास्तरमंडळींनी एकच गिल्ला केला. ‘टाइम्स’मध्ये पत्रांवर पत्रं. संज्ञा अगडबंब, मांडणी बोजड, आणि वर ते सक्तीचं. बावीस वर्षांनी, 1888 साली, त्याची नवी, सुटसुटीत आवृत्ती आली: ‘रिव्हाइज्ड लॅटिन प्रायमर’. ही मात्र टिकली. आजही छापली जाते.

माझ्याकडची प्रत फोर्टातल्या फुटपाथवर मिळाली. कुठल्या साहेबाच्या पोराच्या ट्रंकेतून उतरली होती देव जाणे. बांधणी निळसर, पाठ उसवलेली, आत कसरीनं काढलेली नक्षी. मुखपृष्ठावरच्या ‘लॅटिन’ या इंग्रजी शब्दाच्या पहिल्या अक्षराला शाईनं दोन आडव्या रेघा जोडल्या आहेत आणि शेवटी एक अक्षर वाढवलंय, त्यामुळे ते आता ‘ईटिंग प्रायमर’ झालंय. खाण्याची बाळपोथी. ही करामत माझ्या प्रतीपुरती नव्हे. इंग्लंडभर पोरांनी केनेडीच्या पुस्तकाचं हेच केलं. लहान आवृत्तीचं नाव ‘शॉर्टर लॅटिन प्रायमर’ होतं, तिचं ‘शॉर्टब्रेड ईटिंग प्रायमर’. कुणी कुणाला शिकवलं नाही, परिपत्रक निघालं नाही, तरी शाळाशाळांतून तीच खोडी. आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं ते सुप्रसिद्ध चार ओळींचं कवन, ज्याचा मी हौसेनं केलेला मराठी अवतार असा:

लॅटिन आहे मेली भाषा, मेली म्हणजे मेलीच;
रोमनांना तिनं संपवलं, आता पाळी माझीच.

पुढे पान उलटलं की ‘मेन्सा’. मेन्सा म्हणजे मेज. मेज, हे मेजा, मेजाला, मेजाचं. चर्चिल सात वर्षांचा असताना त्याला पहिल्याच दिवशी हे पाठ करायला दिलं होतं. मेजाला कशाला हाक मारायची, असं त्यानं विचारलं, तर मेजाशी बोलायचं असेल तेव्हा मारायची असं उत्तर मिळालं. पण मी कधीच बोलत नाही, असं म्हटल्यावर उद्धटपणाबद्दल मार खाशील अशी तंबी. हे त्यानंच आठवणींत लिहून ठेवलंय. आपण ‘हे वना’, ‘हे फला’ अशी रूपं बिनतक्रार चालवली. कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

केनेडीनं एक मोठी गोष्ट केली ती विभक्तींच्या क्रमाची. लिलीच्या जुन्या क्रमात प्रथमेनंतर षष्ठी, चतुर्थी आणि मग द्वितीया यायची. केनेडीनं प्रथमा, संबोधन आणि द्वितीया एकाखाली एक आणून बसवल्या, कारण लॅटिनमध्ये या तिन्हींची रूपं पुष्कळदा सारखी असतात. शेवटच्या दोन विभक्तींचंही तसंच. पोराला तीन ओळी एका दमात पाठ होतात. ब्रिटनमधली पुस्तकं आजही बहुधा याच क्रमानं जातात, अमेरिकेतली जुन्या. आपल्याला प्रथमेमागून द्वितीया हे इतकं स्वाभाविक वाटतं की यात कसली क्रांती, असं मनात येतं.

आणि शेवटी परिशिष्टात ती पद्यं. कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे लक्षात ठेवण्यासाठी इंग्रजी यमकात बांधलेले नियम. पुरुष, लोकसमूह, वारा, नदी, डोंगर हे पुल्लिंगी. स्त्री, बेट, देश, झाड, शहर हे स्त्रीलिंगी. ज्याचं रूपच चालत नाही ते नपुंसकलिंगी. मग अपवाद, मग अपवादांचे अपवाद, सगळे ठेक्यात. निरर्थक आहेत पण एकदा कानात बसले की निघत नाहीत. संगीतकार बेंजामिन ब्रिटननं 1954 साली व्हेनिसला सादर केलेल्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या ऑपेरात झपाटलेला लहान मुलगा अभ्यासाच्या तासाला हीच पद्यं गातो आणि ऐकताना अंगावर काटा येतो. आमच्याकडे संध्याकाळी दिव्यापुढे रामरक्षा म्हणताना ‘रामो राजमणिः सदा विजयते’ यायचं, त्यात राम सगळ्या विभक्तींत चालवलेला आहे. रामो, रामं, रामेण, रामाय, आणि शेवटी ‘भो राम मामुद्धर’. पुढे आठवीत बाई फळ्यावर तक्ता लिहायला लागल्या तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांना तो आधीच येत होता, फक्त तो तक्ता आहे हे माहीत नव्हतं. केनेडीच्या पोरांच्या नशिबी यमक आलं, भक्ती नाही.

या पद्यांत एक नियम असा आहे: ‘इओ’नं संपणारी भाववाचक नामं झाडून सगळी स्त्रीलिंगी, पुल्लिंगी फक्त तीच जी हाताला लागतात, डोळ्यांना दिसतात. मी हा वाचून बराच वेळ हसलो. कारण हे पुस्तक ज्यांनी लिहिलं त्या कुणाला दिसणारच नाहीत अशी व्यवस्था मुखपृष्ठावर केलेली आहे.

1888 साली केनेडी ऐंशी ओलांडलेले, केंब्रिजला ग्रीकचे प्राध्यापक. नवं प्रायमर मुख्यतः त्यांच्या दोन मुलींनी, मेरियन आणि जुलिया यांनी, केनेडींच्याच दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या मदतीनं तयार केलं. हे विद्यार्थी म्हणजे हॅरो शाळेतले मास्तर हॅलम आणि चार्टरहाउस शाळेतले पेज. शालेय लॅटिनचा इतिहास धुंडाळणाऱ्या क्रिस्टोफर स्ट्रे या अभ्यासकानं हे उजेडात आणलं. बाहेर नाव मात्र वडिलांचं. वडील दुसऱ्या वर्षी वारले, पुस्तक ‘केनेडी’ झालं, आणि शंभर वर्षं पोरं ज्या केनेडीला शिव्या घालत होती तो त्यांच्या डोळ्यांपुढे दाढीवाला, झगा घातलेला मुख्याध्यापक होता.

बरं, घरात जुलूम होता अशातलाही भाग नाही. म्हातारबुवा बायकांच्या उच्च शिक्षणाच्या बाजूनं उघडपणे उभे राहिलेले. मेरियन न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजचं काम वर्षानुवर्षं बघत होती, तिथल्या एका इमारतीला केनेडी नाव आहे. पण केंब्रिजमध्ये मुलींना परीक्षेला रीतसर बसू देण्याचा ठराव झाला 1881 साली, आणि पदवी द्यायला उजाडलं 1948. मधे 1897 साली मतदान झालं तेव्हा विरोधकांनी सायकलवर बसवलेला बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला होता. ज्या पोरांनी तो टांगला त्यांतल्या बहुतेकांनी आपलं लॅटिन मेरियन-जुलियाच्या तक्त्यांवरून घोकलेलं असणार. त्याच परिशिष्टात दोन्ही लिंगांत चालणाऱ्या शब्दांची एक लांबलचक यादी आहे: न्यायाधीश, साक्षीदार, वारस, सैनिक, कारागीर. त्यात ‘आउक्तोर’, लेखक, हाही आहे. बहिणींनी तो मुद्दाम ठेवला असेल असं मला म्हणायचं नाही, ती यादी परंपरेनं आलेली. पण तो शब्द त्यांच्या हाताखालून गेलाच असेल ना.

जॉर्ज एलियटनं हे सगळं आधीच लिहून ठेवलं होतं, ‘द मिल ऑन द फ्लॉस’मध्ये, 1860 साली. टॉम नावाच्या मठ्ठ पण गुणी मुलाला पाद्र्याकडे लॅटिन शिकायला ठेवलंय. बहीण मॅगी भेटायला येते, त्याचं व्याकरणाचं पुस्तक उघडते, नियम सोडून देते आणि नुसती उदाहरणाची वाक्यं वाचत सुटते. कुठल्या तरी अज्ञात मुलखातून तुटून आलेली, मागचापुढचा संदर्भ नसलेली वाक्यं. तिला त्यांतच मौज वाटते. पाद्रीबुवा सांगतात की मुली चटपटीत असतात पण उथळ. टॉमला कोण आनंद होतो! ही पुस्तकं उशाशी घेऊन मी जे करतो ते मॅगीसारखंच असल्यामुळे हा परिच्छेद मला जरा लागतो.

आपल्या बाजूनं या पुस्तकांकडे पाहिलं की मात्र मौज थोडी कमी होते. भारतात येणारे मुलकी अधिकारी स्पर्धापरीक्षेतून निवडायचे असं ठरलं, तेव्हा मेकॉलेच्या समितीनं 1854 साली गुणांची वाटणी सुचवली. लॅटिनला 750, ग्रीकला 750. संस्कृतला 375, अरबीला 375. म्हणजे साताऱ्याचा कलेक्टर व्हायचं तर संस्कृतपेक्षा लॅटिन दुपटीनं कामाचं. शेतकरी राणीला गुलाब देतो हे वाक्य बिनचूक उलटवता येणारा पोरगा आमच्या शेतकऱ्याचा सारा ठरवायला येणार. विलायतेला बॅरिस्टर व्हायला गेलेल्यांनाही यातून सुटका नव्हती. गांधीजी लंडन मॅट्रिकला बसले ते पहिल्या खेपेला लॅटिनमध्येच नापास झाले, दुसऱ्यांदा सुटले. पुढे दक्षिण आफ्रिकेत, जिथला कायदा रोमन परंपरेतला, त्याचा उपयोग झाला असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलंय. माझ्या हातातलं निळसर पुस्तक मुंबईच्या फुटपाथवर कसं आलं याचा थोडाफार अंदाज या सगळ्यातून बांधता येतो.

या घोकंपट्टीला कंटाळलेला एक मुख्याध्यापक होता, डब्ल्यू. एच. डी. राउझ. जन्म कोलकात्याचा, केंब्रिजला संस्कृतही शिकवायचा. 1902 ते 1928 तो केंब्रिजच्या पर्स शाळेत होता आणि वर्गात पहिल्या दिवसापासून लॅटिन बोलायचा. उठताना ‘उठतो’ म्हणायचं, दार लावताना ‘दार लावतो’. क्रियापद चालवायचं ते पायांनी. मुलं खूश असत. पण ते जमायला मास्तर राउझच लागे, आणि तसे मास्तर छापखान्यातून निघत नाहीत. इतर शाळांत केनेडीच चालला.

तो खरा हलला 1960 साली, ऑक्सफर्ड-केंब्रिजनं प्रवेशासाठी लॅटिनची सक्ती उठवली तेव्हा. आता मुलं पळून जाऊ शकत होती. 1970 साली ‘केंब्रिज लॅटिन कोर्स’ आला आणि पहिल्याच धड्यात तक्त्याऐवजी एक माणूस बागेत बसलेला: ‘काएकिलिउस एस्त इन होर्तो.’ पॉम्पेईचा हा सावकारही बाल्बससारखाच खरा. त्याच्या घरात 1875 साली मेणाच्या दीडशेवर पाट्या सापडल्या, देण्याघेण्याच्या पावत्याच म्हणा ना. पण बाल्बसला कुणी घर दिलं नव्हतं, याला दिलं. बायको मेतेल्ला, मुलगा क्विंतुस, स्वयंपाकी ग्रुमिओ, कुत्रा केर्बेरुस. बाराव्या टप्प्यात व्हेसुव्हियस फुटतो, मालक मरतो आणि कुत्रा प्रेताची राखण करत बसतो. तिथे रडलेली माणसं आज साठीत आहेत आणि अजून सांगतात. व्याकरण त्यांना किती आलं यावर वाद आहे. माझं म्हणाल तर मी काएकिलिउसच्या बाजूचा, जरी रात्री हातात केनेडी असतो.

या पुस्तकावरही टीका झालीच. गुलाम फार खुशीत दाखवलेत, बायका नुसत्या खुर्चीत बसलेल्या. म्हणून 2022 साली इंग्लंडमध्ये निघालेल्या पाचव्या आवृत्तीत बरेच फेरफार केले, आणि काएकिलिउस-मेतेल्लाच्या पोटी एक मुलगी घातली, लूकिया. या घरात लेक यायला बावन्न वर्षं लागली. कुत्रा पहिल्या धड्यापासून होता.